गिरणेच्या पाण्यात कानबाई

मी नदीत पोहते, हे माझ्या सासरी कोणाला धड पटलेलं नाही. दोन पोरांची आई, जळगावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, रविवारी सकाळी कमरेला पोहताना लावायचा केशरी फुगा बांधून तापीत उतरते, ही गोष्ट एरंडोल तालुक्यातल्या आमच्या गावात अजून हसण्यावारी नेतात. माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं घर नाना म्हणतं, ते तर मी अंगणात पाऊल टाकलं की विचारतात, "उनी का मासोयी?" मीही काही कमी नाही. "आली, आणि गळ कुठे लावलाय तेच बघतेय," असं म्हणून आत जाते.

माझं माहेर यावल तालुक्यातलं, तापीकाठचं, केळीच्या पट्ट्यातलं. तिथे घड उतरला की खांब तोडून टाकतात. दोन ताजे खांब काठीने टोचून एकमेकांना जोडायचे आणि त्यावर पोटावर झोपून पाय मारायचे, असं आम्ही पोहायला शिकलो. माझे वडील, आबा, काठावर उकिडवे बसून लक्ष ठेवायचे. पोहणं त्यांनी फारसं शिकवलं नाही. पाण्याचा भरवसा धरू नये, एवढं मात्र कानीकपाळी ओरडून शिकवलं. "पोरी, पाण्याले कधी आपलं म्हनू नको," हे त्यांचं पालुपद होतं.

पुढे जळगावात नदीत पोहणाऱ्यांचा एक लहानसा गट जमला आणि आबांचं पालुपद मला तिथे नियमांच्या रूपात पुन्हा भेटलं. एकट्याने उतरायचं नाही. वरच्या धरणातून पाणी सोडलंय का, ते आधी विचारायचं. कालच्या ओळखीवर आज उडी मारायची नाही, तळ चाचपत जायचं. आणि उतरायची जागा ठरवण्याआधी बाहेर निघायची जागा बघून ठेवायची. यात मर्दुमकी कसलीच नाही, म्हणून लोकांना हा पोरखेळ वाटतो. आमच्या गावात पोहणं म्हणजे विहिरीच्या काठावरून मुटका मारणं आणि वर आल्यावर चौफेर बघणं, कोणी पाहिलं की नाही. पोहणाराच बुडतो, ही म्हण उगाच पडलेली नाही.

या घरात माझी बाजू घेणारी एकच बाई. माझी जेठानी, म्हणजे नानांची बायको, आमच्या अक्का. लग्न होऊन आले तेव्हा अहिराणीचं एक वाक्य माझ्या तोंडात बसत नव्हतं. बाकीच्या हसायच्या, अक्काही हसायच्या, पण हसून झाल्यावर तेच वाक्य चार वेळा माझ्याकडून म्हणून घ्यायच्या. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईच्या बरोबरीने त्या जागल्या. मला सख्खी बहीण नाही. असती तरी तिच्यावर माझा एवढा जीव जडला असता की नाही, शंकाच आहे.

घर, गुरं, कापूस सगळं त्यांच्या अंगावर, आणि कानबाईही त्यांच्याच डोक्यावर. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. कानबाई म्हणजे नारळ. त्याला डोळे लावायचे, नथ घालायची, खण नेसवायचा आणि चौरंगावर मांडायचं. सुरतेला, पुण्याला पांगलेले भाऊबंद त्या दिवशी घरी येतात. पुरणपोळ्या, रोट, गाणी, जागरण. सोमवारी सकाळी थोरली सून चौरंग डोक्यावर घेते आणि देवीला वाजतगाजत नदीवर नेतात. काही घरी दरवर्षी नवा नारळ असतो. आमच्याकडे तोच नारळ नदीत न्हाऊ घालून परत आणतात आणि वर्षभर देव्हाऱ्यात ठेवतात. तो माझ्या सासूबाईंच्याही आधीपासूनचा. जाण्यापूर्वी सासूबाईंनी तो अक्कांच्या ओटीत घातला होता. अक्कांच्या तोंडून त्याला नारळ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, त्या 'माय'च म्हणायच्या.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली. रविवारी संध्याकाळी, घरात गाण्यांची तयारी चालली असताना मी एक चक्कर घाटावर मारून आले. एरवी आमच्या घाटापाशी गिरणा म्हणजे वाळूवरून वाहणारं गुडघाभर पाणी. त्या दिवशी धरणातून सोडलेलं पाणी ओसरत आलं होतं, पण होतं गढूळ आणि भरपूर. मी एक वाळकी काडी टाकली. काठाशी ती रमतगमत गेली. दुसरी जरा लांब टाकली, ती डोळ्यांदेखत नाहीशी झाली. त्याहून वाईट म्हणजे काठावरच्या चिखलात डंपरच्या चाकांचे खोल चर होते, थेट पाण्यात जाणारे. उन्हाळाभर तिथून वाळू उपसली होती. खाली खड्डे किती आणि कुठे, हे त्या पाण्यात कोणालाच दिसलं नसतं. घाटाच्या खालच्या अंगाला नदी वळते, तिथे आमच्याच काठाने वाळूचा एक पट्टा उघडा पडलेला होता. सवयीने मी तो बघून ठेवला.

घरी येऊन मी ओसरीवरच सांगून टाकलं, "नाना, उद्या पाण्यात कोणी उतरायचं नाही. बादलीने पाणी काढा आणि काठावरच देवीला न्हाऊ घाला."

"कानबाई बादलीमा?" नानांनी सगळ्यांकडे बघत विचारलं. "मायले काय न्हानीमा बसाडू?"

सगळी ओसरी हसली. माझा नवराही हसला, त्याचा मला जास्त राग आला.

"अवं, आमनी गिरणा शे ही," नाना म्हणाले. "हिनाच पोटमा खेयनूत आम्ही."

"नदी तुमचीच आहे. वाळू नेणारे तुम्हाला विचारून नेत होते का?" मी म्हणाले.  सणाच्या दिवशी थोरल्या दिराला असं बोलायचं नसतं, हे मला कळतं. बोलून झाल्यावर कळतं.

अक्का आतून पुरणाचे हात घेऊन बाहेर आल्या. "जाऊ दे वं," त्या मला म्हणाल्या. "मी घोटाइतलाच पानीमा जासू. आते ते व्हयनं ना?"

एवढ्यावर मिटलं. पण मला रात्रभर चैन पडलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी टाकल्याचा राग होता, आणि रागाच्या खाली भीती होती.

सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. बँड, फुगड्या, गुलाल, नव्या साड्या. अक्कांनी हिरवी काठापदराची साडी नेसली होती. घाटावर चौरंग उतरवला, आरती झाली, नथ काढून ठेवली. अक्का नारळ घेऊन पाण्याकडे निघाल्या आणि जाताना माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले. दिलेल्या शब्दाप्रमाणे त्या घोट्याभर पाण्यातच थांबल्या.

त्यांनी वाकून नारळ पाण्यात बुडवला, वर काढला, पुन्हा बुडवला. तेलाने आणि कुंकवाने तो गुळगुळीत झालेला. हातातून सुटला आणि टुणकन वर येऊन तरंगायला लागला. फार लांब नाही, हातभर अंतरावर. हातभर अंतरावरचा देव कोण सोडून देईल?

"अक्का, थांबा!" मी ओरडले. बँडपुढे माझा आवाज कुठला पोचायला! अक्का एक पाऊल पुढे गेल्या, नारळही तेवढाच पुढे सरकला. पाणी पोटरीला लागलं, मग गुडघ्याला. मी चपला टाकून घाट उतरायला लागले होते. तेवढ्यात त्यांची बोटं नारळाला लागली. त्यांनी तो छातीशी धरला आणि मागे वळून हसल्या. खरंच हसल्या. मग पायाखालची वाळू सरकली आणि अक्का उभ्याच्या उभ्या खाली गेल्या.

बँड थांबला तेव्हा कोणीतरी किंचाळत होतं, ते आधीपासून किंचाळत असणार. अक्का वर आल्या त्या बऱ्याच पुढे, धारेत. साडीत हवा भरून ती पाठीवर फुगली होती आणि तेवढ्यावरच त्या तरंगत होत्या. साडी भिजून जड झाली की ती हवा राहणार नव्हती. माझा नवरा पाण्याकडे धावला. मी मागून त्याचा शर्ट धरला.

"सोड! वहिनी शे ती मनी!"

"तुम्ही विहिरीत पोहणारे! धारेशी भांडत बसाल आणि दोघंही जाल!" मी शर्ट सोडला नाही. तो खांद्यात फाटला. नाना छाती धरून खालीच बसले होते. "वळणावर पळा! तो वाळूचा पट्टा आहे ना, तिथे! ओढण्या, साड्या, मिळेल ते गाठी मारून घ्या! त्या तिथूनच जाणार आहेत!"

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी आमच्या संसारात आधी पाहिली नव्हती आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. पण तो पळाला. त्याच्या मागे बाकीचे पुरुष पळाले.

माझा केशरी फुगा जळगावला दाराच्या मागे लटकत होता. मी आजूबाजूला पाहिलं. देवीचा चौरंग रिकामा होता, चांगला सागवानी, चार पायांचा. मी तो उचलला. एका चुलत सासूबाईंनी माझं मनगट धरलं, "देवीना शे तो!" त्यांना मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी हात हिसडला आणि काठाकाठाने पळत सुटले. जिथे अक्का बुडाल्या तिथे उतरून उपयोग नव्हता. त्यांच्या पुढे जाऊन, त्या येतील तिथे धारेत शिरायचं होतं. मला भयंकर भीती वाटत होती. डोक्यात एकच विचार होता, की मी पोचेपर्यंत ते हिरवं काही पाण्यावर दिसेनासं होईल.

मी चौरंग पोटाखाली घेऊन पाण्यावर आडवी झाले. पाय खाली सोडले नाहीत, तळाशी काय असेल त्याचा नेम नव्हता. पाण्याने मला कागदासारखं उचललं. मी धारेला आडवी न जाता तिच्याबरोबर तिरकी सरकत राहिले आणि अक्कांच्या मागच्या बाजूने त्यांच्यापाशी पोचले. बुडणारं माणूस समोरून मिठी मारतं, म्हणून चौरंग मध्ये घातला.

"धरा! दोन्ही हातांनी धरा!"

अक्कांनी एका हाताने धरला. दुसरा हात छातीशी होता आणि त्यात नारळ होता.

"दोन्ही हात, अक्का!"

"माय शे मनापान," त्या म्हणाल्या. तोंडात पाणी गेलं, खोकल्या, पुन्हा म्हणाल्या, "माय शे."

एका हाताची पकड ओल्या लाकडावर टिकत नव्हती. बांगड्या वाजत हात सरकला, सुटला आणि अक्का खाली गेल्या. मी त्यांचा दंड पकडून वर ओढलं. वर आला तो आधी नारळ, मग त्यांचं तोंड. श्वास घ्यायच्या आधी त्यांनी नारळ बघितला. मला इतका संताप आला, की त्या पाण्यातच त्यांना एक चपराक द्यावीशी वाटली. आणि त्याच क्षणी मला समजलं, की ही बाई हा हात सोडणार नाही. मेली तरी सोडणार नाही, आणि मरेलच.

वळण जवळ येत होतं. वाळूच्या पट्ट्यावर माणसं दिसत होती. तो पट्टा चुकला असता तर पुढे नदी पसरून कुठल्या कुठे जाते, तिथे कोणी पोचलं नसतं.

"माले दे, अक्का," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना अगंतुगं केलं. "माले दे. मी धरस मायले. मी सोडाव नही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझ्यावरचा सगळा विश्वास होता, इतक्या वर्षांचा. त्यांनी नारळ माझ्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी चौरंगाला विळखा घातला.

आता माझा एक हात अक्कांच्या काखेत होता आणि दुसऱ्यात नारळ. पट्ट्याकडे वळायला पाणी कापायचं होतं, आणि नुसत्या पायांनी ते जमेना. धार आम्हाला मधोमध ओढत होती. मी मूठ उघडली. नारळ थोडा वेळ आमच्या बरोबरीने तरंगत आला, कुंकवाने माखलेले डोळे वर करून. मग धारेने त्याला बाजूला केलं. मी मोकळ्या हाताने पाणी ओढायला सुरुवात केली. अक्कांचं तोंड पलीकडे होतं, असं मला वाटलं.

गाठी मारलेल्या साड्यांचा पिळा आमच्या अंगावर येऊन पडला. पाच-सहा हातांनी आम्हाला वाळूवर ओढलं. अक्का पालथ्या पडून पाणी ओकल्या.  नवरा फाटक्या शर्टाने माझे पाय चोळत राहिला.

अक्कांनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "माय कोठे?"

"धारेत गेली," मी म्हणाले.

मला पश्चात्ताप आहे का? अजिबात नाही. तीच नदी, तोच नारळ पुन्हा समोर आला, तर मी पुन्हा मूठ उघडेन. घरातही कोणी मला वाकडा शब्द बोललं नाही. नाना त्या दिवशी लहान मुलासारखे रडले आणि म्हणाले, "माय गयी ते गयी, घरनी माय परत उनी." दुसऱ्या वर्षी नवा नारळ आणला, त्यावर डोळे लावले, आणि बादली आधीपासून घासूनपुसून तयार ठेवली. बादलीवर कोणी हसलं नाही.

बोलत नव्हत्या त्या फक्त अक्का. अगदी भांडल्यासारखं नाही. दिवाळीला गेले तर ताट वाढायच्या, पोरांना जवळ घ्यायच्या, गाडीत लोणच्याची बरणी ठेवायच्या. पण फोन केला की "थांब, यासले देस," म्हणून नानांच्या हातात द्यायच्या. दुपारी माझ्या शेजारी लवंडायच्या, त्या आता लवंडेनात. माझ्या डोळ्यांत बघायचं त्यांनी सोडलं होतं. मला ते सहन व्हायचं नाही. जिला वाचवलं तिलाच आपण गमावलं, असं मनात यायचं आणि एकटीने स्वयंपाक करताना मी रडायचे. आणि मग चिडायचे, कारण मला रडायला आवडत नाही.

यंदा होळीच्या आधी एका शनिवारी अक्का एकट्याच एसटीने जळगावला आल्या. येण्याचं कारण सांगितलं नाही. जेवण झाल्यावर भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "सकाय तू नदीवर जास ना? माले बी ने. माले पोहाले शिकाड."

सकाळी आम्ही तापीवर गेलो. पाणी संथ होतं, तळ दिसत होता. काठाकाठाने मी आधी स्वतः चालून आले, मग त्यांना नेलं. अंगात पोहण्याचं जाकीट, खाली माझ्या मुलीची जुनी सलवार, डोक्यावर तरीही रुमाल. एरवी आम्ही दोघी हसून बेजार झालो असतो. कमरेइतक्या पाण्यात मी त्यांना पाठीवर झोपायला सांगितलं. एक हात त्यांच्या कमरेखाली धरला, एक मानेखाली. त्यांचं सगळं अंग ताठ होतं, आणि त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट आवळलं होतं, की त्यांच्या बांगड्या माझ्या कातडीत रुतल्या.

"मान सैल सोडा, अक्का. डोकं माझ्या हातावर टाका."

"सोडी देशी तू."

"नाही सोडणार."

त्यांनी आभाळाकडे बघितलं. "तवय बी आसंच सांगं व्हतं तू," त्या म्हणाल्या. "मी पाह्यं. मूठ उघाडी तू."

 गेल्या दीड वर्षात या क्षणासाठी मी किती उत्तरं जुळवून ठेवली होती, विज्ञानाच्या बाईला शोभतील अशी, मुद्देसूद. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"दोघींना धरता येत नव्हतं, अक्का," मी म्हणाले. "मी तुम्हाला धरलं."

 अक्कांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं आणि नदीत मिसळलं. मनगटावरची पकड तशीच होती.

"मंग आते बी नीट धर," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोक्याचं सगळं वजन माझ्या हातावर आलं.